खुल्या परवान्याची वास्तुशांत

रुपचंदभाऊंच्या नव्या घराची वास्तुशांत दहा दिवसांवर आली होती आणि ते घर अजून कोणालाच सापडत नव्हतं.

जळगावातून जामनेरकडे निघालं की केळीच्या बागा जिथे संपतात, तिथे नवी वसाहत उठली होती. तिला तीन गल्ल्या, तिन्ही सारख्या, आणि तिन्हींच्या तोंडाशी सारखंच कडुनिंबाचं झाड. रुपचंदभाऊंचं लोखंडी कपाट दोनदा शेजारच्या गल्लीत उतरलं होतं. दुसऱ्या वेळी तर ते तिथे चार दिवस राहिलं आणि त्या घरच्यांनी त्यात कपडेसुद्धा लावून टाकले होते. तेव्हा पत्रिकेवर नकाशा हवाच, असं हेमलतावहिनींनी बजावलं आणि रुपचंदभाऊ नजीर शेखच्या छापखान्यात येऊन बसले.

रुपचंदभाऊंचा धंदा ठिबक सिंचनाच्या नळ्यांचा. प्रत्येक मुळाला किती थेंब लागतात ते माहीत असलेला माणूस. पाहुणेही त्यांनी ठिबकनेच सोडायचं ठरवलं होतं.

"दोनशे माणूस, नजीरभाई. दोनशे एक नाही. गर्दी झाली की कोणीच नीट जेवत नाही आणि सगळे नाव ठेवतात."

"दोनशेच येतील भाऊ," नजीर म्हणाला, "पत्रिका माझी आहे."

नजीर हा भला माणूस. पंचवीस वर्षांत त्याने छापलेल्या एकाही लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाचं नाव चुकलं नव्हतं. पण त्याला एक खोड होती. कागदावरची मोकळी जागा त्याला बघवत नसे. कोरा कोपरा दिसला की त्याचा हात शिवशिवायचा. मग तिथे कलश यायचा, मोर यायचा, काहीच नाही तर एखादी वेल तरी चढायची.

त्याने संगणकावर नकाशा शोधला. एक खुला नकाशा मिळाला, लोकांनीच मिळून काढलेला. त्यात वसाहत होती, तिन्ही गल्ल्या होत्या, आणि चमत्कार म्हणजे रुपचंदभाऊंचं घरसुद्धा चौकोन काढून दाखवलेलं होतं. चौकोनावर मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. गल्लीचं नाव असेल म्हणून नजीरने चष्मा शोधण्याचे कष्ट घेतले नाहीत. पण दुसऱ्याची वस्तू न विचारता उचलणं त्याच्या रक्तात नव्हतं, म्हणून त्याने सबाला फोन लावला. सबा त्याची मुलगी, धुळ्याला इंजिनीअरिंग शिकत होती.

"अब्बा, बिनधास्त वापरा. तो खुल्या परवान्याचा नकाशा आहे. फक्त श्रेय द्यावं लागतं."

"कोणाला द्यायचं? मालक कोण?"

"मालक असा कोणी नाही. हजारो लोकांनी मिळून काढलाय."

"हजार लोकांची नावं पत्रिकेवर कशी मावतील, बेटा?"

"नावं नाही हो अब्बा! एक छोटी ओळ टाकायची. थांबा, पाठवते."

सबाने दोन निरोप पाठवले. पहिला छापण्यासाठी होता: "नकाशा: खुल्या नकाशाचे योगदानकर्ते." दुसरा बापाला समजावं म्हणून होता: "हे सर्वांसाठी खुले आहे. कोणीही वापरावे, इतरांना वाटावे, हवा तसा बदल करावा. कोणाची परवानगी लागत नाही. मात्र मूळ श्रेय द्यावे आणि केलेला बदलही याच अटीवर सर्वांना खुला ठेवावा."

नजीरने दोन्ही वाचले. पहिला त्याला फारच आखूड वाटला. हजार लोकांनी राबून काढलेला नकाशा, आणि आपण त्यांची एवढ्याशा ओळीवर बोळवण करायची? दुसऱ्या निरोपात मात्र माणुसकी होती. शिवाय पत्रिकेच्या पुढच्या बाजूला, 'आपले नम्र: सौ. हेमलता व श्री. रुपचंद' याच्या बरोबर खाली, चार बोटं जागा अगदी कोरी राहिली होती. मागच्या बाजूला नकाशा आणि पुढच्या बाजूला हा मजकूर. नजीरने तो ठळक अक्षरांत बसवला, भोवती वेल काढली आणि समाधानाने मान डोलावली. पान भरलं.

पत्रिका वाटल्या गेल्या. दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी रुपचंदभाऊ छापखान्याची पायरी न चढता बाहेरूनच ओरडले.

"नजीरभाई! माझ्या वास्तुशांतीला प्राणायाम कोणी घातला?"

त्यांच्या मोबाइलवर त्यांचीच पत्रिका आली होती. वेल तीच, कलश तोच. फक्त मध्ये एक ओळ वाढली होती: 'पहाटे सहा वाजता गच्चीवर प्राणायाम शिबिर. सतरंजी सोबत आणावी.' आणि तळाला अगदी इमानदारीने लिहिलं होतं, 'मूळ पत्रिका: श्री. रुपचंद. श्रेय त्यांचे.'

नजीरने चष्मा लावून स्वतः छापलेलं पुन्हा वाचलं. हे सर्वांसाठी खुले आहे. कोणीही वापरावे. हवा तसा बदल करावा. वरती नाव कोणाचं? सौ. हेमलता व श्री. रुपचंद. त्याने खुर्ची पुढे ओढली.

"भाऊ, बसा. एक छोटीशी... म्हणजे हे नकाशाबद्दल होतं."

"नकाशाबद्दल? यात नकाशा हा शब्द कुठे आहे?"

शब्द खरंच कुठे नव्हता. ते बोलत असतानाच मोबाइल पुन्हा वाजला. मुक्ताईनगरच्या एका भजनी मंडळाने सकाळी आठ ते बारा भजन ठेवलं होतं. पाठोपाठ आणखी एक पत्रिका आली, तिच्यात निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्या एका होतकरू माणसाने हात जोडलेला फोटो घातला होता आणि फोटो कलशाहून मोठा होता. दुपारपर्यंत अकरा पत्रिका झाल्या. सगळ्यांनी श्रेय दिलं होतं. एकानेही अट मोडली नव्हती.

शेवटची पत्रिका वाचून मात्र भाऊंनी भिंतीला पाठ टेकली.

"हे बघा. 'दुपारी साडेबारा वाजता याच मांडवात चि. सौ. कां. मयुरी हिचा साखरपुडा.' कोण ही मयुरी?"

खाली नंबर होता. भाऊंनी तो फिरवला. पलीकडे मयुरीचे वडील होते, आवाजात नुसता आनंद.

"भाऊ, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो आता! आमचा हॉल ऐनवेळी हातचा गेला. तेवढ्यात तुमची पत्रिका दिसली, 'परवानगी लागत नाही'. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. श्रेय दिलंय, पाहिलंत ना? आणि आमचा साखरपुडाही याच अटीवर सगळ्यांना खुला ठेवलाय."

"म्हणजे आणखी कोणीही येऊ शकतं?"

"कोणीही!" मयुरीचे वडील उत्साहाने म्हणाले.

भाऊंच्या तोंडून 'नाही' हा शब्द बाहेर पडलाच नाही. पोरीचा साखरपुडा मोडायचं पाप कोण घेणार? त्यांनी फोन ठेवला आणि नजीरकडे असं पाहिलं की नजीरने आपोआप हात जोडले.

"भाऊ, दुरुस्ती करतो. आत्ताच्या आत्ता शुद्धिपत्रक काढतो."

त्याने सबाला फोन केला. सबाने आधी दोन मिनिटं कपाळावर हात मारून घेतला असावा, कारण पलीकडून तसाच आवाज येत होता.

"अब्बा, दुसरा निरोप तुमच्यासाठी होता!"

"ते आता कळलं, बेटा. पुढचं सांग."

"सरळ लिहा की परवाना फक्त नकाशाचा होता. घराचा, कार्यक्रमाचा नाही."

नजीरने या वेळी एकही शब्द जास्त टाकायचा नाही असं ठरवलं. एकदा आयुष्यात त्याने मोकळी जागा मोकळी सोडली आणि मधोमध एकच वाक्य छापलं: 'शुद्धिपत्रक: पत्रिकेत नमूद केलेला परवाना फक्त नकाशाला आहे, घराला नाही. आपला नम्र, रुपचंद.' भाऊंनी वाचलं, मान डोलावली. ते मोबाइलवर गेलं आणि पत्रिकांपेक्षा दुप्पट वेगाने पसरलं, पण प्रत्येकाने ते दुसऱ्यासाठी आहे असं समजून आपला कार्यक्रम कायम ठेवला.

वास्तुशांतीच्या दिवशी नजीर पहाटेच वसाहतीत हजर झाला. चूक त्याची होती, निस्तरायलाही तोच हवा होता. सबाही पहिली बस पकडून धुळ्याहून आली होती. गच्चीवर चाळीस माणसं नाक धरून बसली होती. आठ वाजता भजन सुरू झालं. होतकरू उमेदवार दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाचं असं स्वागत करत होता, की पाहुणे त्यालाच घरमालक समजून आहेर द्यायला लागले. पूजेला बसलेले भाऊ आणि वहिनी दर मंत्राला मान वळवून मागे बघत होते.

"अहो, ती हिरव्या साडीतली बाई कोण?" वहिनींनी हळूच विचारलं.

"तुझ्या माहेरची असेल."

"मला वाटलं तुमच्याकडची."

आचाऱ्याने मांडव बघितला, कपाळ पुसलं आणि शेवभाजीच्या पातेल्यात आधी पाणी वाढवलं, मग शेव वाढवली, मग पुन्हा पाणी. खापरावर मांडे भाजणाऱ्या बायकांनी पुरणाचं दुसरं पातेलं चढवलं. एवढ्या गर्दीत एकच गोष्ट सुरळीत चालली होती: गाड्या. बाहेरच्या मोकळ्या शेतात डोक्याला पिवळा रुमाल बांधलेला कोणी म्हातारा उभा होता आणि त्याने दीडशे मोटारसायकली, चार जीप आणि मयुरीच्या सासरची बस अशी लावून घेतली होती, की कोणाचा आरसासुद्धा कोणाला लागला नव्हता. तो कोणाकडचा, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

अकरा वाजता गळ्यात ओळखपत्र आणि हातात मोजपट्टी घेतलेले एक गृहस्थ आत आले.

"मी ज्ञानेश्वर. बांधकाम विभागात अभियंता आहे. रुपचंद कोण?"

"मी," भाऊ सोवळ्यातच उठले.

"हे तुम्ही छापलंत?" त्यांनी शुद्धिपत्रक पुढे केलं आणि मोठ्याने वाचलं. "'परवाना फक्त नकाशाला आहे, घराला नाही.' माझ्या सतरा वर्षांच्या नोकरीत असा प्रामाणिक माणूस पाहिला नाही. नकाशा मंजूर, पण बांधकामाला परवानगी नाही, हे लोक लपवतात. तुम्ही छापून वाटलंत!"

भजन थांबलं. नजीरला जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं, पण जमिनीवर नुकतीच नवी फरशी बसवली होती.

"साहेब, तो नकाशा वेगळा!" नजीर पुढे सरसावला. "घराचा नकाशा नाही, घराकडे यायचा नकाशा."

"यायच्या नकाशाला परवाना कशाला लागतो?"

"तो लोकांनी काढलाय ना."

"लोकांनी? घराचा नकाशा वास्तुविशारदाने काढावा लागतो, लोकांनी नाही."

"घराचा नाही हो साहेब!"

"मग शुद्धिपत्रकात 'घराला नाही' म्हणून तुम्हीच तर लिहिलंय."

हा फेरा तीनदा झाला. शेवटी सबा मध्ये आली, तिने पत्रिका मागून-पुढून दाखवली, खुला नकाशा म्हणजे काय ते नीट सांगितलं. भाऊंनी कपाटातून सगळे कागद काढून समोर ठेवले. मंजूर नकाशा होता, परवानगी होती, शिक्के होते. ज्ञानेश्वर साहेबांनी तरीही मोजपट्टी उलगडली. आलो आहोत तर मोजूनच जातो, म्हणाले. पट्टीचं दुसरं टोक धरायला होतकरू उमेदवार आनंदाने धावला, कारण समोर मोबाइलवर कोणीतरी चित्रण करत होतं.

घर इंच न इंच बरोबर निघालं. साहेबांनी सही करायला पेन काढलं, आणि सवयीने पत्रिकेवरचा नकाशा डोळ्यांजवळ नेला.

"एक मिनिट. तुमच्या कागदांवर घराचं नाव 'हेमरूप' आहे. या नकाशात या चौकोनावर दुसरंच नाव आहे. हे घर नक्की तुमचंच ना?"

नजीरला आठवलं. ती मुंगीएवढी अक्षरं!

"काय लिहिलंय?" वहिनींनी विचारलं.

साहेबांनी अक्षर अक्षर जुळवत वाचलं. "'धाकलानं घर.'"

मांडवातल्या काही लोकांना हसू आलं. अहिराणीत धाकला म्हणजे धाकटा भाऊ. रुपचंदभाऊ मात्र हसले नाहीत. साठीच्या घरात आलेल्या, टक्कल पडलेल्या या माणसाला धाकला म्हणणारं जगात एकच तोंड होतं, आणि ते सात वर्षांपासून बंद होतं.

"सबाबेटा," ते हळू म्हणाले, "हे कोणी लिहिलं ते कळतं का?"

"कळतं ना, काका. कोणी काय काढलं त्याची नोंद असते." सबाने मोबाइलवर बोटं फिरवली. "दोन वर्षांपूर्वीचं आहे. ही गल्ली, हे घर, तिन्ही कडुनिंबसुद्धा एकाच माणसाने टाकलेत. नाव मजेशीर घेतलंय त्याने. 'डावीकडेच निंबा'."

"नानाभाऊजी!" हेमलतावहिनींनी तोंडावर हात ठेवला.

निंबानाना हे भाऊंचे थोरले बंधू, एसटीतून निवृत्त झालेले चालक, राहायला धुळ्याला. सात वर्षांपूर्वी दोघे भाऊ जीपने शिरपूरकडे एका भाचीच्या लग्नाला निघाले होते. जीप नाना चालवत होते. एका फाट्यावर नाना म्हणाले डावीकडे, भाऊ म्हणाले उजवीकडे. नाना म्हणाले, मी तीस वर्षं गाडी चालवली. भाऊ म्हणाले, मी कालच एकाला विचारलंय. धाकट्याचं ऐकून नानांनी जीप उजवीकडे घेतली आणि ती सातपुड्याच्या पायथ्याशी एका नाल्यात जाऊन थांबली. अक्षता चुकल्या. चूक कोणाची यावरून तेव्हापासून बोलणं बंद. भाऊंचं म्हणणं असं होतं की उजवीकडचाच रस्ता बरोबर होता, नाला मध्ये आला त्याला ते काय करणार? नानांनी मग निवृत्तीनंतर मोबाइल घेतला, खुला नकाशा शिकले आणि पहिल्या दिवशी पहिला कोणता रस्ता काढला असेल तर तो फाटा.

"आता कुठे असतील ते?" सबाने विचारलं.

भाऊ काही बोलणार, तेवढ्यात बाहेरच्या शेतातून खणखणीत आवाज आला. "डावाकडे ले रे! डावाकडे! उजवाकडे नाला शे!"

भाऊ सोवळ्यातच पळाले. मागोमाग वहिनी, साहेब, नजीर, सबा आणि अर्धं भजनी मंडळ. पिवळा रुमाल बांधलेला म्हातारा एका टेम्पोला मागे घेत होता. त्याने भाऊंकडे बघितलं आणि हात तसाच हवेत ठेवला.

"माले कोणी बलावं नही," नाना आधीच म्हणाले. "पत्रिकामा लिखेल शे, कोणी बी येवो, परवानगी लागत नही. मंग मी उनू."

धाकट्याचा हक्क म्हणून भाऊ आधी भांडले, घरापर्यंत येऊन आत का आला नाहीस म्हणून.

"नाना, दोन साल पहिले तू आठे उना, नकाशामा घर काढं, नाव लिखं. मंग मझार का बरं नही उना?"

"मझार कोठे येऊ? नुसता पाया व्हता!"

यावर दोघंही हसले, आणि हसता हसता भाऊंनी सोवळ्याच्या टोकाने डोळे पुसले. वहिनी पुढे होऊन नानांच्या पाया पडल्या. ज्ञानेश्वर साहेबांनी कागद गुंडाळले आणि शेरा मारला, "घर बरोबर आहे. नावाचं तुम्ही घरात मिटवा." मग जेवायला कुठे बसायचं ते विचारलं.

साडेबाराला साखरपुडा झाला. मयुरीला अंगठी घातली तेव्हा टाळ्या वाजवणारे किती जण तिला ओळखत होते कोण जाणे, पण टाळ्या इतक्या वाजल्या की भजनी मंडळाने मृदंग धरला. एकाही माणसाने जेवणाला नाव ठेवलं नाही. शेवभाजी पातळ होती, पण तिखट इतकी होती की ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

पंगतीत दोघे भाऊ शेजारी बसले होते आणि चार घासांतच आवाज चढले होते. नानांनी मोबाइल ताटाशेजारी ठेवला होता. "देख, हाऊ फाटा. डावाकडे शिरपूर. नकाशामा शे."

"नकाशा तूच काढेल शे!"

"मंग काय झायं? बठ्ठा लोके तोच वापरतस!" नाना सगळ्या पंगतीवर हात फिरवत म्हणाले.

नजीर मांडवाच्या खांबाआड उभा होता. सकाळपासून पोटात पाण्याचा घोट नव्हता. जेवण सोडून कोणाला न दिसता सटकावं, असा त्याचा विचार होता, तेवढ्यात भाऊंनी भांडण मध्येच थांबवून त्याच्याकडे बोट केलं.

"नजीरभाई! इकडे या. मी विसरलेलो नाही, चूक तुमचीच आहे."

"आहे भाऊ," नजीर मान खाली घालून म्हणाला. "शिक्षा द्या."

भाऊंनी त्याला आपल्या दुसऱ्या बाजूला बसवलं आणि वहिनींना खूण केली. खापरावरचा मांडा ताटात पडला, ताटाच्या चारही बाजूंनी बाहेर लोंबणारा, वर तूप आणि वाटीभर आमरस. नजीरने तो संपवला. दुसरा आला. तोही त्याने कसाबसा संपवला. तिसऱ्या मांड्याला त्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि काकुळतीने भाऊंकडे पाहिलं.

"भाऊ, आता एवढ्यावर सोडा."

"शुद्धिपत्रकाचा अजून राहिलाय," रुपचंदभाऊ म्हणाले आणि त्याचे हात बाजूला सारले.